हाफकिन आणि ५३ नंबरची बाटली

हाफकिन म्हटलं की आपल्याला परळ आठवतं. के.ई.एम. आणि टाटा हॉस्पिटलच्या जवळचं ते झाडांनी भरलेलं मोठं आवार, पोलिओची लस, सापाच्या विषावरचं औषध. पण हाफकिन हे कंपनीचं किंवा एखाद्या गोऱ्या गव्हर्नरचं नाव नसून एका शास्त्रज्ञाचं नाव आहे, हे आमच्या ग्रुपमधल्या आठपैकी फक्त दोघांना माहीत होतं. आणि या माणसाला १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका घेऊन हिंदुस्थान सोडावा लागला होता, हे तर कोणालाच नाही. म्हणून हा लेख.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना प्राणिशास्त्र शिकवायला इल्या मेचनिकोव्ह होते, ज्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळालं. असे सर मिळायला नशीब लागतं! पण झारच्या राज्यात ज्यू लोकांच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. हाफकिन स्वसंरक्षणासाठी जमलेल्या तरुणांमध्ये सामील झाले, जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकोव्हनी शब्द टाकला म्हणून सुटले. पुढे प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदल, अशी अट आली. ती त्यांनी मानली नाही. काही वर्षं तिथल्या म्युझियममध्ये काढून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि दुसऱ्या वर्षी पॅरिसला. तिथे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह आधीच पोचले होते. जागा एकच रिकामी होती, असिस्टंट लायब्ररियनची. हाफकिननी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात लॅबमध्ये कॉलऱ्याचे जंतू वाढवायचे, असा त्यांचा दिनक्रम होता.

जंतू नुसते डोळ्यांनी बघण्याचं काम हॉलंडमधल्या लेवेनहूक नावाच्या कापड दुकानदाराने १६७० च्या दशकातच करून ठेवलं होतं. पण त्यातला कोणता जंतू कोणता रोग देतो हे कळायला पुढची दोनशे वर्षं गेली. हाफकिन ज्या पिढीत आले तिच्यासमोर पुढचा प्रश्न होता, की हाच जंतू वापरून रोग अडवता येईल का. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी कॉलऱ्याची लस पहिल्यांदा टोचली ती स्वतःलाच. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. कॉलऱ्याचं माहेरघर बंगाल, त्यामुळे लसीची खरी परीक्षा तिथेच होणार होती. बस्त्यांमध्ये त्यांना दगड मारले गेले, मलेरिया झाला, तरी त्यांनी दोन-अडीच वर्षांत हजारो लोकांना लस टोचली. सरकारी गोऱ्या डॉक्टरांना मात्र हा माणूस फारसा पसंत नव्हता. एक तर रशियन, त्यात ज्यू आणि डॉक्टरसुद्धा नाही. पदवी प्राणिशास्त्राची! हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत लोक ताप येऊन, काखेत आणि जांघेत गाठी येऊन मरू लागले. हा प्लेग आहे हे ओळखलं मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगास यांनी. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आपण सगळे त्याच्या समोरून रोज जातो.) बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. लाखो माणसं कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेली, गिरण्यांना कामगार मिळेनात. सरकार घरात घुसून झडत्या घ्यायचं, आजाऱ्याला ओढून हॉस्पिटलमध्ये न्यायचं, सामान जाळायचं. १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाचाच, जो २०२० मध्ये कोरोनाच्या वेळीही काढावा लागला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या आणि जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. या सगळ्या भीतीच्या आणि रागाच्या वातावरणात एक परदेशी माणूस सुई घेऊन उभा होता.

सरकारने हाफकिनना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा कॉरिडॉर मिळाला. हाताखाली एक क्लार्क आणि तीन शिपाई. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टला याहून जास्त जागा मिळते. तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी बनायची हे मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. गाईचं किंवा डुकराचं घेतलं असतं तर कोणीच टोचून घेतलं नसतं, म्हणून हाफकिननी बकऱ्याचं मटण वापरलं. मग त्या सुपावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना खालून धरून वाढतात, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीसारखे. काही दिवसांनी भांडं हलवलं की ते तुटून तळाशी बसतात आणि वर पुन्हा नवे लोंबायला लागतात. असं काही आठवडे चालायचं. शेवटी सगळं ६५ ते ७० डिग्रीला तासभर तापवायचं, म्हणजे जंतू मरतात पण शरीराला त्यांची ओळख पटण्यापुरते शिल्लक राहतात. वर थोडं कार्बोलिक अ‍ॅसिड घालायचं, बाहेरचा काही शिरकाव झालाच तर तो वाढू नये म्हणून. यात महागाचं यंत्र एकही नाही. तूप, मटण आणि काचेची भांडी. केमिकलवाल्यांनी याकडे प्रोसेस म्हणून एकदा जरूर बघावं.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी १० सी.सी. लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत असत त्याच्या कितीतरी पट. ताप आला, दुखलं, उतरलं. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या तयार असलेल्या कैद्यांना लस दिली आणि फरक दिसला. पण मला सगळ्यात पटलेला प्रयोग आहे तो बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावाचा, फेब्रुवारी १८९८ मधला. तिथे त्यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या लोकांना लस दिली आणि निम्म्यांना नाही. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, खाणंपिणं तेच. नंतर ज्या घरांत प्लेग आला तिथे लस घेतलेले ७१ जण होते, त्यातले ३ गेले. न घेतलेले ६४ होते, त्यातले २६ गेले. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात हा प्रश्न यायला हरकत नाही. मात्र ज्यांना लस न देता ठेवलं त्या २६ जणांचा विचार मनातून जात नाही, हेही लिहून टाकते.

लसीला मागणी वाढली. तरुण आगाखानांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतलं आणि लॅबसाठी आपला माझगावचा बंगला दिला. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. हा पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच कॉलऱ्याने वारल्या आणि गव्हर्नरसाहेब मलबार हिलला राहायला गेले. गंमत बघा, कॉलऱ्याने रिकाम्या झालेल्या बंगल्यात कॉलऱ्याचीच लस काढणारा माणूस येऊन बसला. नाचगाण्याच्या हॉलमध्ये आता सुपाची भांडी.

आणि मग मुळकोवाल. पंजाबातलं हे गाव आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे परळहून आलेल्या पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. ते एकोणीसही एकाच बाटलीतले, नंबर ५३-एन. बाकी चार बाटल्यांतल्या कोणालाही काही झालं नाही.

चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस अध्यक्ष. त्यांना एक गोष्ट सापडली. पंजाबने फार मोठी मागणी केल्यामुळे हाफकिननी अलीकडेच प्रोसेस बदलली होती आणि कार्बोलिक घालणं बंद केलं होतं, नुसत्या उष्णतेवर भरवसा ठेवला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तसंच करत, पण इथल्या सरकारी पद्धतीत ते बसत नव्हतं. झालं. बाटली परळमध्येच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिनना कामावरून दूर केलं, पगार बंद. १९०४ मध्ये ते बोटीत बसले.

आता आपण इंजिनिअर म्हणून बघू. बाटली भरल्यानंतर ४१ दिवसांनी उघडली. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढत असते तर उघडल्यावर घाण वास आला असता. तो आला नव्हता. आत विष तयार होऊन बसलं असतं तर माणसं लवकर आजारी पडली असती, पण इथे आठवडा गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुळकोवालला ती बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. तो चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. कार्बोलिक असतं तरी त्या दिवशी आत गेलेले जंतू काही तासांत मेले नसते. हे सगळं चौकशीच्या कागदांतच होतं! हे कागद बाहेर आले तेव्हा मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इंग्लंडमधले इतर नामवंत शास्त्रज्ञ खवळले, त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहिली. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं, त्याची लोकांना आठवण झाली. १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिनना निर्दोष मानलं.

माझं मत विचाराल तर, बदललेली प्रोसेस चौकशीवाल्यांना सोयीची पडली. लांबच्या खेड्यात पडलेल्या चिमट्यापेक्षा, आधीच न आवडणाऱ्या आणि डॉक्टर नसलेल्या माणसाची लॅब पकडणं सोपं होतं. बाटल्यांवर नंबर होते म्हणून निदान एवढं तरी शोधता आलं, नाहीतर दोष सगळ्या लसीवर गेला असता. तरीही लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच आणि प्लेग पुढेही बरीच वर्षं चालू राहिला. त्याचा हिशोब कोणी मांडला नाही.

हाफकिन परत आले, पण परळला नाही. कलकत्त्याला जागा मिळाली आणि माणसांवर लसीचे प्रयोग करायचे नाहीत असं बंधनही. पंचावन्नाव्या वर्षी ते रिटायर झाले आणि युरोपात गेले. उतारवयात ते फार धार्मिक झाले. लग्न केलं नव्हतं, साठवलेले पैसे त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांसाठी ठेवले. इकडे परळहून लस जातच होती, १९२५ पर्यंत सुमारे २ कोटी ६० लाख डोस. त्याच वर्षी लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. त्यांनी तेव्हाच्या डायरेक्टरना पत्र पाठवून आभार मानले आणि आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईच्या कामात गेल्याचं कळवलं. मुळकोवालचा विषय काढला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.