बाळंतिणींचा कैवारी : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

घरांत लेक किंवा सून गरोदर असली म्हणजे सातवा-आठवा महिना लागतांच दोन प्रश्न उभे राहतात. बाळंतपण कोठें करावयाचें, आणि कोणाच्या हातून करावयाचें? कोणी माहेर म्हणतें, कोणी दवाखान्याचें नांव काढतें, आणि घरांतील म्हातारी आपल्या ओळखीच्या सुइणीचा आग्रह धरते. अशा वेळीं केलेल्या निवडीचें फळ, बरें किंवा वाईट, आमच्या पुष्कळ वाचकांनीं आपापल्या घरांत पाहिलें असेल. ही निवड करितांना मुख्यतः कशाकडे पाहावें, हें ज्यांनीं आपल्या आयुष्याची किंमत देऊन जगास शिकविलें, त्या एका वैद्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

डॉ. इग्नाझ फिलिप सेमेलवाइस ह्यांचा जन्म ता. १ जुलै १८१८ रोजीं हंगेरी देशांतील बुदा नगरांत झाला. डान्यूब नदीच्या एका तीरावर बुदा व दुसऱ्या तीरावर पेस्त अशीं तीं शहरें त्या काळीं निराळीं होतीं. पुढें १८७३ सालीं तीं एकत्र होऊन बुडापेस्त झालें. त्यांचे वडील वाणसामानाचे व्यापारी असून घरची स्थिति चांगली होती. कायद्याचा अभ्यास करण्याकरितां १८३७ सालीं ते व्हिएन्ना नगरास गेले. परंतु तेथें त्यांचें मन वैद्यकाकडे वळलें, आणि १८४४ सालीं ते वैद्यकाची परीक्षा उतरले. नंतर त्यांनीं प्रसूतिशास्त्राचा विशेष अभ्यास केला, व १८४६ च्या जुलैंत व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतिगृहांत मुख्य प्राध्यापक क्लाइन ह्यांचे मदतनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली.

हें रुग्णालय १७८४ सालीं सम्राट दुसरा जोसेफ ह्यानें उघडलें होतें. त्या काळीं खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरांतील स्त्रिया सुईण किंवा वैद्य बोलावून घरींच बाळंत होत. प्रसूतिगृहांत येत त्या बहुतकरून गरीब मोलकरणी, परगांवच्या मजूर बाया, आणि ज्यांस कोणाचा आधार नाहीं अशा अविवाहित मुली. त्यांचें बाळंतपण फुकट होई. त्याच्या मोबदल्यांत विद्यार्थ्यांनीं त्यांच्यावर शिकावें, असा तेथील नियम होता.

प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यांत डॉक्टर होऊं पाहणारे तरुण शिकत, व दुसऱ्यांत सुइणीचें काम शिकणाऱ्या स्त्रिया असत. १८४० पासून ही वांटणी पक्की झाली होती. एक दिवस पहिल्या विभागांत, तर दुसरे दिवशीं दुसऱ्यांत, अशा पाळीनें बायकांस आंत घेत. म्हणजे कोणती स्त्री कोणाच्या हातीं सांपडेल, हें तिला वेणा कोणत्या दिवशीं येतात ह्यावर अवलंबून असे.

आतां ह्या दोन विभागांतील भेद पाहा. १८४१ पासून १८४६ पर्यंतच्या सहा वर्षांत पहिल्या विभागांत २०,०४२ बाळंतपणें झालीं, व त्यांत १,९८९ माता दगावल्या. दुसऱ्यांत १७,७९१ बाळंतपणें होऊन ६९१ माता दगावल्या. म्हणजे सुइणींच्या विभागांत शेंकडा चारांहूनही कमी बायका मरत, आणि विद्वान डॉक्टरांच्या विभागांत शेंकडा दहा. मरणाचें कारण बहुतेक एकच, सूतिकाज्वर. बाळंतपण सुखरूप पार पडावें, दुसरे-तिसरे दिवशीं हुडहुडी भरून ताप चढावा, पोट फुगून असह्य कळा याव्या, आणि तान्हें मूल मागें टाकून आईनें जगाचा निरोप घ्यावा, असें तेथें नित्य चालले होतें.

शहरांतील गरीब बायकांस हा भेद चांगला ठाऊक होता. पहिल्या विभागाच्या दिवशीं आलेली बाई तो कोणता विभाग आहे हें कळतांच गुडघे टेकून, हात जोडून बाहेर जाऊं देण्याची विनवणी करी. कित्येक जणी दिवस टाळण्यासाठीं कळा सोशीत राहत. कित्येक तर वाटेंतच, रस्त्यावर किंवा दाराआड बाळंत होत, व मागाहून मूल पदरांत घेऊन येत. आश्चर्य असें कीं, उघड्या रस्त्यावर बाळंत झालेल्या ह्या बायकांस तो ताप क्वचितच येई. ह्या अडाणी बायकांस कारण सांगतां येत नव्हतें, परंतु मरण कोणत्या दाराआड आहे हें त्यांनीं बरोबर ओळखिलें होतें. त्यांचें म्हणणें मात्र कोणी मनावर घेत नसे.

सेमेलवाइस ह्यांनीं तें मनावर घेतलें. त्या विनवण्या ऐकून त्यांस चैन पडेना. हवा दूषित असल्यामुळें ताप येतो, असें वडील डॉक्टर म्हणत; पण हवा तर दोन्ही विभागांत एकच होती. गर्दीमुळें येतो म्हणावें, तर गर्दी दुसऱ्याच विभागांत अधिक होती, कारण बायका तिकडे धांव घेत. सुइणींच्या विभागांत बायकांस कुशीवर निजवून बाळंत करीत, म्हणून त्यांनीं आपल्याकडेही तसें केलें. कांहीं फरक पडला नाहीं. मरणोन्मुख स्त्रीस शेवटचा विधि देण्यासाठीं धर्मगुरु घंटा वाजवीत पहिल्या विभागांतून जात, त्या भयानें बायका आजारी पडत असतील म्हणून त्यांनीं घंटा बंद करविली. तरीही मरणें थांबलीं नाहींत.

१८४७ च्या मार्च महिन्यांत विश्रांतीसाठीं ते व्हेनिस शहरास गेले होते. परत येतात तों त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का मरण पावल्याचें त्यांस कळलें. प्रेत चिरून तपासणी चालू असतां एका विद्यार्थ्याच्या चाकूचें टोक त्यांच्या बोटास लागलें होतें, आणि तेवढ्या जखमेनें त्यांचा अंत झाला. त्यांच्या देहाच्या तपासणीचा वृत्तांत सेमेलवाइस ह्यांनीं वाचला, आणि त्यांच्या मनांत लख्ख प्रकाश पडला. सूतिकाज्वरानें मेलेल्या शेंकडों बायकांच्या देहांत जें आढळे, तेंच येथें आढळलें होतें. चाकूनें जें विष कोलेच्कांच्या रक्तांत गेलें, तेंच बाळंतिणींच्या अंगांत डॉक्टरांचे हात पोंचवीत होते!

आतां सर्व कोडें उलगडलें. डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं प्रेतें चिरीत, आणि साध्या साबणानें हात धुवून तेथून थेट बाळंतिणी तपासावयास येत. हातांची घाण तशीच राहत असे. शिकाऊ सुइणी प्रेतांस हात लावीत नसत, म्हणून त्यांच्या विभागांत मरणें कमी होतीं. रस्त्यावर बाळंत झालेल्या स्त्रीस तर कोणीं आंतून तपासलेलेंच नसे.

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून त्यांनीं दाराशीं क्लोरीनच्या पाण्याचें भांडें ठेविलें, व त्यांत हात घांसून धुतल्यावांचून कोणीही बाळंतिणीस शिवावयाचें नाहीं, असा नियम केला. पुढें स्वस्त म्हणून ते क्लोरीनयुक्त चुना वापरूं लागले; आपल्याकडे विहिरींत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे हाच पदार्थ. एप्रिलांत ३१२ बाळंतपणांत ५७ माता दगावल्या होत्या. जूनमध्यें २६८ पैकीं ६, आणि जुलैंत २५० पैकीं केवळ ३. १८४८ सालीं तर मार्च व ऑगस्ट ह्या दोन महिन्यांत पहिल्या विभागांत एकही माता तापानें मेली नाहीं. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ हात स्वच्छ झाले होते.

तथापि एक धडा अजून शिकावयाचा होता. १८४७ च्या ऑक्टोबरांत गर्भाशयास सडका व्रण झालेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर पुढच्या खाटांकडे साध्या साबणानें हात धुवून गेले, आणि तिच्यामागून तपासलेल्या १२ बायकांपैकीं ११ मरण पावल्या. त्यावरून त्यांस समजलें कीं, हें विष मेलेल्याच्याच देहांतून येतें असें नाहीं. जिवंत रोग्याच्या पुवांतूनही तें येतें. तेव्हांपासून प्रत्येक बाई तपासल्यावर पुनः हात धुण्याचा नियम झाला.

ह्या शोधाबरोबर सेमेलवाइस ह्यांच्या मनावर एक भयंकर ओझें येऊन पडलें. त्यांनीं स्वतः इतर कोणाहीपेक्षां अधिक प्रेतें चिरलीं होतीं. तेव्हां आपल्याच हातांनीं किती माता अकालीं मेल्या असतील, ह्याचा हिशेब त्यांना करवेना. परंतु त्यांनीं हा दोष लपविला नाहीं. आपल्या ग्रंथांत त्यांनीं तो सर्व जगापुढें कबूल केला.

बहुतेक मोठ्या डॉक्टरांस मात्र अशी कबुली देववली नाहीं. आम्ही प्रतिष्ठित माणसें, आमचे हात मरण वाहून नेतात हें कसें मानावें, अशी त्यांची अडचण होती. स्कोडा, हेब्रा, रोकितान्स्की ह्या प्राध्यापकांनीं सेमेलवाइस ह्यांचा पक्ष घेतला. परंतु क्लाइन ह्यांस तें रुचलें नाहीं, आणि १८४९ च्या मार्चांत मुदत संपतांच त्यांची नेमणूक पुढें चालविली गेली नाहीं. सेमेलवाइस ह्यांची स्वतःचीही एक चूक झाली. आपला शोध त्यांनीं लगेच लिहून प्रसिद्ध केला नाहीं. पुष्कळ वर्षें तो मित्रांच्याच तोंडून लोकांस कळत राहिला, आणि कित्येकांनीं तो अर्धवट समजून टाकून दिला.

१८५० सालीं ते खिन्न होऊन पेस्त येथें परतले. तेथील सेंट रोकुस रुग्णालयांत १८५१ पासून सहा वर्षें त्यांनीं वेतनावांचून काम केलें. तेथें ९३३ बाळंतपणांत केवळ ८ माता सूतिकाज्वरानें गेल्या. १८५५ सालीं ते पेस्तच्या विद्यापीठांत प्राध्यापक झाले, व १८५७ सालीं त्यांचा विवाह झाला. त्यांचा मोठा ग्रंथ १८६१ सालचा आहे. त्यावर टीका झाली तेव्हां त्यांनीं विरोधकांस उघड पत्रें लिहून अत्यंत कडक शब्दांत दोष दिला. रोज कोठें ना कोठें माता मरत आहे, आणि उपाय तर भांडेंभर पाण्याचा आहे, ह्या विचारानें त्यांचा जीव जळत असे. पण त्या कडक शब्दांनीं माणसें जवळ येण्याऐवजीं दूर गेलीं.

पुढें त्यांचें मन बिघडत चाललें. १८६५ च्या जुलै अखेरीस त्यांस व्हिएन्ना येथील वेड्यांच्या रुग्णालयांत ठेविलें. तेथील रखवालदारांनीं त्यांस मारहाण केली. जखम चिघळून रक्तांत विष भिनलें, आणि ता. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. ज्या विषाशीं ते जन्मभर झगडले, तशाच विषानें त्यांस नेलें. पुढें दोनच वर्षांनीं, १८६७ सालीं, इंग्लिश शस्त्रवैद्य लिस्टर ह्यांनीं जखमा जंतुरहित ठेवण्याची रीति प्रसिद्ध केली. आणि १८७९ सालीं फ्रान्सच्या पाश्चर ह्यांनीं सूतिकाज्वराचे जंतु विद्वानांच्या सभेपुढें दाखविले. मग सेमेलवाइस ह्यांचें म्हणणें खरें होतें हें जगानें मानलें. आज बुडापेस्तच्या वैद्यकीय विद्यापीठास त्यांचेंच नांव आहे.

वाचकहो, ह्या चरित्रावरून सुईण चांगली व दवाखाना वाईट, असा अर्थ कोणीं काढूं नये. सुइणींच्या विभागांतही सहा वर्षांत ६९१ माता गेल्याच होत्या. तारणारी किंवा मारणारी गोष्ट पदवी नव्हे, ओळख नव्हे, घराच्या भिंतीही नव्हेत. बाळंतिणीस लागणारे हात स्वच्छ आहेत कीं नाहींत, हें प्रथम पाहिलें पाहिजे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रक्त जाऊं लागलें, किंवा मूल आडवें आलें, तर घरीं कितीही शहाणी सुईण असली तरी तिचा इलाज चालत नाहीं. तेथें दवाखानाच पाहिजे. म्हणून आज सरकारी आरोग्य केंद्र हाताशीं असतां बाळंतपण तेथेंच करावें, आणि वाहन कोणतें, सोबत कोण, हें आधींच ठरवून ठेवावें. वाटेंत किंवा घरींच प्रसंग आला, तर हात साबणानें कोपरापर्यंत धुतलेले, जागा स्वच्छ, नाळ कापण्याचें पातें नवें किंवा उकळलेलें, बांधण्याचा दोरा स्वच्छ, आणि नाळेवर शेण, राख वगैरे कांहींही लावावयाचें नाहीं. बाळंतपणानंतर थंडी वाजून ताप आला, किंवा अंगावरून जाणाऱ्यास दुर्गंधि सुटली, तर एक दिवसही वाट पाहूं नये.

उपदेशक बंधूंस व त्यांच्या पत्नींस एक विनंति आहे. आपण घरोघर जातां, तेव्हां गरोदर बाईस तिचें स्वतःचें म्हणणें विचारा. जेथें जावयास ती भिते, तेथें कां भिते हें ऐकून घ्या. आणि सुईण असो, नर्स असो, मोठा डॉक्टर असो, हात धुतले का हें विचारण्यास तिनें लाजूं नये, असा धीर तिला द्या. व्हिएन्नाच्या त्या गरीब बायका गुडघे टेकून जें सांगत होत्या, तें एका माणसानें ऐकलें, म्हणून पुढें जगांतील असंख्य लेंकरांना त्यांच्या आया राहिल्या.