समजून घ्या : जादूलाही हिशोब लावणारा माणूस! बूट दुरुस्त करणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी खेळांची दुनिया कशी बदलली?

मोबाइल गेममध्ये आपलं पात्र एक ‘लेव्हल’ वर जातं. अनुभवाचे पॉइंट म्हणजे ‘एक्सपी’ जमा होतात, मार बसला की ‘एचपी’ कमी होतो. जादू एकदा वापरली की पुन्हा मिळेपर्यंत थांबावं लागतं. या सगळ्याचं मूळ मोबाइलमध्ये नाही. ते आहे कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या खेळात. डेव्ह अर्नेसन यांच्यासोबत हा खेळ तयार करणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांच्याकडे तेव्हा ना पदवी होती, ना नोकरी.

आधी पाहू, हा खेळ चालतो कसा?

समजा, शिरोळमध्ये चार मित्र टेबलाभोवती बसलेत. एक जण ‘गेम मास्टर’, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंचही तोच. तो सांगतो, पंचगंगेला पूर आलाय, रस्ता बंद आहे आणि पलीकडच्या वस्तीवर औषधं पोचवायची आहेत. उरलेल्या तिघांपैकी एक नावाडी, एक डॉक्टर आणि एक मंत्र जाणणारा.

नावाडी पुरात नाव घालतो. जमेल का? त्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. १२ किंवा जास्त पडले तर नाव पार. म्हणजे ४५ टक्के शक्यता. पण नावाडी मुरलेला आहे, म्हणून त्याच्या आकड्यात ३ मिळवायचे. आता शक्यता ६० टक्के.

खरी अडचण तिसऱ्या मित्राची. त्याने मंत्र म्हणून पाणीच थांबवलं तर नावाडी आणि डॉक्टरने करायचं काय? खेळ तिथेच संपला. म्हणून नियम असा, की हा मंत्र दिवसातून एकदाच चालेल. आता प्रश्न उरतो, तो जाताना वापरायचा की येताना? मजा इथे सुरू होते. जादूला अशी मर्यादा घालणं, हेच गायगॅक्स यांचं मोठं काम.

कोण होते गायगॅक्स?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी गेलं. वस्तीने हे गाव शिरोळपेक्षाही लहान. अद्भुत कथा वाचण्याचं वेड तिथेच लागलं. शाळा मात्र अर्धवट सुटली.

पुढे ते शिकागोत विमा कंपनीत लागले. कोणत्या गोष्टीत धोका किती आणि त्याची किंमत किती, हे ठरवण्याचं काम. फावल्या वेळात मित्रांसोबत टेबलावर छोटे सैनिक मांडून युद्धाचे खेळ खेळायचे. १९६८ मध्ये त्यांनी गावातला हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळाडूंचा मेळावा भरवला. ‘जेन कॉन’ या नावाने तो आजही भरतो.

१९७० मध्ये नोकरी गेली. घरात पाच मुलं. गायगॅक्स तळघरात बूट दुरुस्त करू लागले आणि उरलेल्या वेळात टाइपरायटरवर खेळांचे नियम लिहू लागले.

युद्धाच्या खेळात ड्रॅगन कसा शिरला?

१९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासोबत त्यांनी ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक काढलं. विषय मध्ययुगीन लढाया. पण शेवटच्या पानांत एक पुरवणी होती : ड्रॅगन, जादूगार आणि वीर यांच्यासाठी. एक वीर चार सैनिकांच्या बरोबरीचा, महावीर आठ सैनिकांच्या. जादूगाराचा आगीचा गोळा दगड फेकणाऱ्या यंत्राच्या मापाने मोजायचा, वीज तोफेच्या मापाने. म्हणजे जे अद्भुत आहे, त्याला आधीच असलेल्या नियमांच्या तराजूत तोलायचं.

मिनेसोटात राहणाऱ्या अर्नेसन यांनी हे नियम घेऊन वेगळाच प्रयोग केला. प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकच पात्र दिलं, त्याला किल्ल्याखालच्या भुयारात उतरवलं आणि डाव संपला तरी ते पात्र पुढच्या डावासाठी जिवंत ठेवलं. १९७२ च्या अखेरीस त्यांनी लेक जिनिव्हात हा खेळ खेळून दाखवला. गायगॅक्स यांनी लगेच नियम लिहायला घेतले.

जादूसाठी त्यांनी लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांतली कल्पना उचलली. जादूगाराने मंत्र आधी पाठ करायचा आणि एकदा उच्चारला की तो विसरायचा. नवख्या जादूगाराकडे एकच मंत्र.

मोठ्या प्रकाशकाने खेळ नाकारला. मग १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासोबत गायगॅक्स यांनी ‘टीएसआर’ ही कंपनी काढली. के यांनी विमा पॉलिसीवर पैसे उचलले होते. जानेवारी १९७४ मध्ये १००० प्रती बाजारात आल्या. किंमत १० डॉलर. वर्षभरात सगळ्या संपल्या.

आपला राक्षस त्यांच्या पुस्तकात

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये गायगॅक्स यांनी चक्क भारतीय ‘राक्षस’ घेतला, पण वाघाच्या तोंडाचा आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. ही कल्पना आपल्या पुराणांपेक्षा एका अमेरिकन टीव्ही मालिकेच्या जवळची होती. त्याच सुमारास टॉल्किन यांच्या साहित्याचे हक्क असलेल्यांनी आक्षेप घेतल्यावर खेळातल्या ‘हॉबिट’चं नाव बदलून ‘हाफलिंग’ करावं लागलं.

यश मिळालं, कंपनी गेली

के यांचं १९७५ मध्ये अकाली निधन झालं आणि शेअरचं बहुमत भागीदार ब्रायन ब्लूम यांच्या कुटुंबाकडे गेलं. १९७९ मध्ये अर्नेसन यांनी रॉयल्टीसाठी गायगॅक्स आणि टीएसआर यांच्यावर दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. सहनिर्माते म्हणून अर्नेसन यांचं नाव आज मान्य आहे. याच काळात अमेरिकेत हा खेळ मुलांना बिघडवतो, सैतानाची पूजा शिकवतो, अशी ओरड सुरू झाली. गायगॅक्स यांना टीव्हीवर येऊन बाजू मांडावी लागली.

१९८५ मध्ये कंपनी कर्जात होती. ब्लूम बंधूंनी आपले शेअर लॉरेन विल्यम्स यांना विकले आणि ऑक्टोबरमध्ये गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून हटवण्यात आलं. ते कोर्टात गेले, हरले. नंतर त्यांनी नवा खेळ काढला, तर त्यांनीच उभ्या केलेल्या कंपनीने त्यांच्यावर खटला भरला. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हातच त्यांचं निधन झालं. वय ६९.

आजच्या काळातली जादू

१९९७ मध्ये टीएसआर दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. तिने २००२ मध्ये ‘डी२० मॉडर्न’ काढला. त्यात मोटारी, फोन, बंदुका असलेलं आजचं जग आहे आणि जादू ऐच्छिक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तेव्हा मंत्रांच्या नऊ पायऱ्या होत्या, इथे पाचच. त्याच्या ‘अर्बन आर्काना’ या प्रकारात शहरात राक्षसी जीव फिरतात, पण सामान्य माणसांना ते दिसूनही ओळखू येत नाहीत.

कारण सरळ आहे. फोन आणि बंदूक असलेल्या जगात जादूही अमर्याद दिली, तर बाकीच्या पात्रांना कामच उरणार नाही. चेनमेलच्या शेवटच्या पानांत गायगॅक्स यांनी जो तराजू मांडला, तो काळ बदलला तरी वापरावाच लागतो. पुढच्या वेळी मोबाइल गेममध्ये जादूचं बटण काही सेकंद बंद दिसलं, तर तो हिशोब तळघरात बूट शिवणाऱ्या या माणसापर्यंत जातो.