वांड भिवा आणि चर्नी रोडची बाग

फणसवाडीच्या वस्तीत मुलांना अभ्यासाला बसवताना आम्हांला एक तक्रार हमखास ऐकू येते: पोरगं हुशार आहे, पण वर्गात टिकत नाही. उलट बोलतं, हट्ट करतं, मग त्याची रवानगी शेवटच्या बाकावर. अशा पालकांना आम्ही बाबासाहेबांचं बालपण सांगतो. जयंतीच्या भाषणांत फारसा न येणारा वांड भिवा सांगतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. आई चार वर्षांपूर्वीच गेली होती, सांभाळ मीराआत्या करायची. भिवा भांडखोर होता, पुस्तकात त्याचा जीव रमत नव्हता. वडिलांनी दुसरं लग्न केल्यावर तर त्याने घर सोडून मुंबईच्या गिरणीत जायचं ठरवलं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायला तीन रात्री धडपडला. चौथ्या रात्री ती हाती आली, आत निघाला अर्धा आणा! तेव्हाच त्याने मन लावून शिकायचं ठरवलं. ज्या शिक्षकांनी त्याची आशा सोडली होती, तेच पुढे रामजींना सांगू लागले की याला भरपूर शिकवा.

एकदा ईर्ष्येने तो भर पावसात चिंब भिजून शाळेत आला. पेंडसे गुरुजींनी त्याला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ घालवली आणि लंगोटीवर का होईना, पुन्हा वर्गात आणून बसवलं. हट्टाचं कौतुक केलं नाही आणि तासही बुडू दिला नाही. आंबेडकर गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्यातली भाजी-भाकरी द्यायचे.

पण दोघा शिक्षकांच्या मायेने शाळेतली अस्पृश्यता गेली नाही, हेही आम्ही सांगतोच. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं आणि पाणी कुणी वरून ओतलं तरच प्यायचं. अशा वर्गात मूल बिथरलं तर खोड मुलाची की वर्गाची?

मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळा संसार, त्यातच जातं आणि शेळी. रामजींनी ओरडण्याऐवजी वेळ बदलली. भिवाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवायचे.

एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर तो आपल्या फणसवाडीजवळच्या चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे लेखक आणि शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकरांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी चौकशी केली आणि पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण अडलं, तेव्हा तेच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपये सुरू झाले आणि भीमराव बी.ए. झाले.

केळुसकर १९३४ साली गेले. येवल्याची घोषणा झाली ती त्यानंतरच्या वर्षी.