नामदेवांचा विठोबा बोलू लागला तेव्हा

॥ श्रीगुरुदेव प्रसन्न ॥



ध्यानाला बसणाऱ्या पुष्कळांना एक अनुभव येतो. रोज एकच मूर्ती मनात धरता धरता एखाद्या दिवशी ती आपण न ठरवता हसते, मान वळवते, काही सांगतेसुद्धा. मग घरात कुणी म्हणतं सिद्धी झाली, कुणी म्हणतं डोकं फिरलं. एवढ्यात निकाल लावू नका मंडळी. आधी नामदेव महाराजांचं चरित्र बघू या.

नामदेवांचा जन्म शके 1192, म्हणजे इ.स. 1270 चा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. मूळ गाव नरसी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. पैनगंगा ओलांडली की आपल्या आदिलाबादकरांना हा मुलूख काही परका नाही.

वडील गावाला गेले म्हणून नैवेद्य दाखवायचं काम लहानग्या नामाकडे आलं. मोठी माणसं ताट दाखवून परत आणतात. पोराला ते ठाऊक नव्हतं. देव जेवेल म्हणून तो वाट बघत बसला. देव हलेना, तेव्हा रडून त्याने पायरीवर डोकं आपटायची तयारी केली. मग देव जेवला, असं चरित्रकार सांगतात. इथून विठोबा नामदेवांशी बोलू लागला, हसू लागला, रुसू लागला. त्यांच्या घरच्या जनाबाईसोबत तो दळायलाही बसे.

अशा मनाने घडवलेल्या आकृतीला तुल्पा म्हणतात. अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासी बाईंनी 1929 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय, की त्यांनी ध्यानाने एक गुटगुटीत, हसरा भिक्षू उभा केला. काही महिन्यांनी तो न बोलावता दिसू लागला, मनाने वागू लागला. पुढे तो वाळला, चेहरा कावेबाज झाला. त्याला घालवायला बाईंना सहा महिने लागले.

दोन्हीकडे सुरुवात सारखीच, बरं का. आकृती आपल्या मर्जीने वागू लागते. म्हणून नुसती मूर्ती हलली-बोलली यावरून काही ठरत नाही. पुढे माणसाचं काय होतं, ते बघायचं.

नामदेवांचं काय झालं? देव आपल्याशी बोलतो याचा त्यांना अभिमान चढला. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी मडकं तपासावं तसं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. गोरोबांनी त्यांना कच्चं ठरवलं. नामदेव रडत विठोबाकडे गेले. आपल्या मनचाच देव असता तर त्याने पाठीवर हात फिरवून गोरोबांनाच नावं ठेवली असती. पण विठोबाने गोरोबांचंच खरं केलं आणि नामदेवांना गुरू करायला विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला धाडलं.

तिथे बघतात तर म्हातारे विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तिथेही पिंड. जिकडे पाय ठेवावेत तिकडे पिंडच. देव फक्त राउळात नाही, हे तेव्हा उमगलं. पुढे कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी देवाच्या घशाला लागू नये म्हणून! मग ते थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. 1350 मध्ये त्यांनी पंढरपुरात देह ठेवला. महाद्वारातली नामदेव पायरी आपण सगळेच जाणतो.

तेव्हा ध्यानातली मूर्ती बोलू लागली, तर कसोटी हीच. ती आपली चूक दाखवते की नुसती स्तुती करते? माणसांशी जोडते की तोडते? तिच्यामुळे अहंकार वाढत असेल, तर मडकं अजून कच्चं आहे. गुरूंपुढे मोकळेपणाने सांगावं.

आणखी एक. लहान मूल न दिसणाऱ्या सवंगड्याशी बोलत असेल, तर रागावू नका, बहुतेक वेळा ते वाढीचंच लक्षण असतं. पण मोठ्या माणसाला ऐकू येणारा आवाज भीती घालत असेल, झोप उडवत असेल, इजा करायला सांगत असेल, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. त्याने श्रद्धेला काही उणेपण येत नाही.

घरच्या ग्रुपवर वाचून दाखवा. रामकृष्णहरी.