विश्लेषण : ट्रकच्या स्टिअरिंगमधला ‘अ‍ॅकरमन’ नेमका कोण? शोध भलत्याचाच, नाव मात्र त्याचे!

ट्रकच्या पुढच्या एक्सलचे काम झाले. पाटे, किंगपिन, बुश, टाय रॉड एंड सगळे नवे. अलाइनमेंटही करून घेतली. सरळ रस्त्यावर गाडी नीट चालते, पण वळणावर पुढचे टायर घासतात, आवाज करतात. मग गॅरेजमध्ये पुन्हा टाय रॉड फिरवला जातो आणि तक्रार तशीच राहते. कारण दोष अनेकदा ‘अ‍ॅकरमन’मध्ये असतो. ज्यांचे हे नाव, त्या रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी आयुष्यात मोटार पाहिली नाही.

खोगीरवाल्याचा मुलगा

अ‍ॅकरमन यांचा जन्म १७६४ मध्ये जर्मनीतील सॅक्सनीत झाला. वडिलांकडे खोगिरे बनवण्याचे काम शिकून ते बग्ग्यांचे आराखडे काढू लागले आणि पुढे लंडनला गेले. १७९५ मध्ये त्यांनी तिथल्या स्ट्रँड या रस्त्यावर छापील चित्रांचा व्यवसाय सुरू केला. १८०९ पासून ते ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ हे मासिक काढत. फॅशन आणि फर्निचरच्या रंगीत चित्रांमुळे ते गाजले. थोडक्यात, लंडनसाठी ते प्रकाशक होते. पण गाड्यांचा नाद सुटला नव्हता. ट्रॅफल्गरच्या लढाईत मारले गेलेले अ‍ॅडमिरल नेल्सन यांच्या अंत्ययात्रेचा रथ तयार करण्याचे कामही त्यांच्याकडेच आले होते.

मग शोध कोणाचा?

त्या काळी बग्गीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरे. वळण जास्त घेतले की पुढची चाके गाडीखाली जात, आधार अरुंद होई आणि बग्गी उलटे. म्युनिकचे गाडी बनवणारे गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी आस जागेवरच ठेवला, प्रत्येक चाकाला स्वतःची खिळी दिली आणि दोन्ही चाके दांड्याने जोडली. अ‍ॅकरमन हे त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी. १८१८ मध्ये इंग्लंडमधले पेटंट त्यांनी आपल्या नावावर घेतले. नाव चिकटले ते तिथून. खरे तर चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांना अशीच कल्पना त्याच्या सुमारे ६० वर्षे आधी सुचली होती. त्यांनी पेटंट घेतले नाही.

पेटंटचा फायदा मात्र फारसा झाला नाही. इंग्लंडच्या बग्गीवाल्यांनी ही रचना स्वीकारली नाही. १८३४ मध्ये अ‍ॅकरमन वारले, तेव्हा मोटारयुग अर्धशतक दूर होते.

ट्रकमध्ये काय तपासायचे?

वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवे. हा फरक स्टिअरिंग आर्मच्या तिरकेपणातून येतो. टाय रॉड फिरवून फक्त टो बदलतो. वाकलेला किंवा चुकीचा बसवलेला आर्म त्याने सुधारत नाही. म्हणून टर्न प्लेटवर दोन्ही चाकांचे वळण मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावे. डावी-उजवीकडे फरक निघाला, तर आधी आर्म बघावेत. वाकलेला आर्म तापवून सरळ करू नये, नवाच घालावा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नसेल, तर आधी किंगपिन घट्ट झाली आहे का ते पाहावे. तो दोष वेगळा.