शेवटच्या कडव्यातले वामनदादा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी सॉफ्टवेअरवाली म्हणून कुणा संगणकतज्ज्ञावर लिहीन, असं तुम्हाला वाटलं असेल. पण मला आठवला तो आपल्या आष्टीतला एप्रिल. (बीडची नव्हे, परतूरजवळची आष्टी; पुण्यात हे मला अजून सांगावं लागतं.) वार्षिक परीक्षेचे दिवस आणि १४ तारखेला पहाटेपासून लाऊडस्पीकर. पाढे, सूत्रं घोकता घोकता ती गाणी आपोआप पाठ व्हायची. जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव यायचं. बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा तोच हा वामन, अशी माझी पक्की समजूत होती! माझ्या बाकावरची मैत्रीण ते ऐकून पोट धरून हसली. गाणं लिहिणारे हे वामनदादा कर्डक, त्यांची गाणी आपल्या वडिलांच्या वहीत आहेत, हे तिने मला सांगितलं. एका बाकावर बसूनही तिच्या घरी मी तोवर कधी गेले नव्हते. हे लिहिताना आज लाज वाटते.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. शाळा नशिबात नव्हती. पोटासाठी मुंबईला आले आणि पडेल ते काम केलं. खडी फोडली, माती वाहिली, चिक्की विकली, आईसफ्रूट विकलं. पहिला संसार मोडला, लहानगी मुलगी गेली.

त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा प्रसंग एका पत्राचा आहे. चाळीतल्या एकाने गावाकडून आलेलं पत्र त्यांच्यापुढे धरलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. अंगापिंडाने धडधाकट, चारचौघांत उठबस असलेला हा तरुण वाचू शकणार नाही, हे त्या माणसाच्या मनातही आलं नसावं. वामनदादांना रडू फुटलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवून घेतली आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. माझी आजी रेशन दुकानात अंगठा लावायची आणि लगेच तो पदराने पुसायची. शाई जात नसे, तरी ती पुसतच राहायची. त्या पत्रापुढे वामनदादांचं काय झालं असेल, हे मला तिच्यामुळे कळतं.

अक्षरं आली आणि १९४३ मध्ये पहिलं गाणं आलं, हिंदी सिनेमाच्या चालीवरचं. पुढे बाबासाहेबांचा विचार हाच त्यांचा विषय झाला, आणि साठ वर्षं ते थांबले नाहीत. हजारो गाणी लिहिली. त्यात भीमगीतं तर होतीच, पण लावण्या, गझला, कामकऱ्यांची गाणीही होती. अनंत माने यांच्या १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे. सिनेमात स्थिरावले असते तर चार पैसे मिळाले असते. ते मात्र एसटीने, बैलगाडीने, पायी गावोगाव हिंडत राहिले. मिळेल ती भाकरी खायची, वस्तीत रात्रभर गायचं आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचं. मराठवाड्याने त्यांना फार ऐकलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यातही त्यांची गाणी होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा आपण आठवीत होतो.

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी त्यांची गाणी घराघरांत नेली. कॅसेटी खपल्या, पण लिहिणाऱ्याच्या हाती फारसं काही आलं नाही. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मचरित्रही आलं. १५ मे २००४ ला नाशिकला ते गेले.

आमच्या कामात प्रोग्रॅमची ओळ न् ओळ कुणी लिहिली याची नोंद यंत्र ठेवतं. वामनदादांनी ती सोय कडव्यातच करून ठेवली होती. गाणं तोंडोतोंडी कुठंही गेलं तरी नाव बरोबर जाणार. अडचण एवढीच की गाणारे पुष्कळदा शेवटचं कडवं सोडून देतात. मोबाईलवर फिरणारी कितीतरी गाणी तशीच, बिननावाची आहेत.

मैत्रिणीचे वडील आता नाहीत, वही आहे. गेल्या दिवाळीत तिच्या घरी बसून मी पानांचे फोटो काढले आणि रोज रात्री एकेक गाणं टाईप करते आहे. एकोणतीस झाली. चार गाण्यांची शेवटची कडवी वाळवीने खाल्ली आहेत. मेळाव्याला मी वही घेऊन येणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ती कुणाला पाठ असतील, तर त्यांनाही बरोबर आणा.