बाबासाहेबांची पहिली पदवी

दिवाळी सरली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो आणि कॉलेजात गेलेली काही मुले शिक्षण सोडून घरी परततात. बारावीपर्यंत शिकवले, आता आणखी तीन-चार वर्षे बी. ए. कशाला, आणि त्यातही अर्थशास्त्र घेऊन पोटाला काय मिळणार, असे पालक मला विचारतात. मी शाळामास्तर आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. माझ्या वडिलांनीही मला हाच प्रश्न केला होता. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या जीवनातच आहे. त्यांची तसबीर आपल्या घरोघरी आहे. परंतु त्यांची पहिली पदवी कशी पदरात पडली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. आई भीमाबाई मुलगा लहान असतानाच वारल्या. साताऱ्याहून हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सारे तेथेच. सुभेदार रात्री दोन वाजता उठून मुलाला जागे करीत आणि भीमराव दिव्याच्या उजेडात वाचीत बसत. पुस्तकांना पैसे कमी पडले की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. बाबासाहेबांच्या विद्येत त्या बहिणींचाही वाटा आहे, हे आपल्या माताभगिनींनी ध्यानात ठेवावे.

भीमरावांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण होते ७५० पैकी २८२. मुलाला गुण कमी पडले म्हणून त्याला नालायक ठरविणाऱ्या पालकांनी हा आकडा लिहून ठेवावा. त्या काळी अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे ही मोठी गोष्ट होती. त्यानिमित्त सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले.

१९०८ साली भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. तेथील उपाहारगृहात त्यांना चहा सोडाच, पाणीदेखील मिळत नसे. पुढे इंटर झाल्यावर घरचा पैसा संपला आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. आपल्या कित्येक मुलांची गाडी याच ठिकाणी अडते. तेव्हा केळूसकर गुरुजी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. प्राध्यापक मुल्लर यांनी पुस्तके आणि कपडे पुरविले. अशा रीतीने १९१२ साली अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. मुलगा पदवीधर झाल्याचे पाहूनच त्यांनी डोळे मिटले.

त्या पदवीचे पोटाला काय मिळाले? त्याच वर्षी महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली अर्थशास्त्रात एम. ए. झाले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. लंडनची डी. एस्‌सी. त्यांनी १९२३ साली मिळविली. परंतु ही विद्या त्यांनी केवळ स्वतःसाठी वापरली नाही. १९१८ साली त्यांनी लहान शेतीवर निबंध लिहिला. नुसता जमिनीचा तुकडा लहान हे दुखणे नाही. भांडवल नाही आणि फार माणसे एकाच शेतीवर अवलंबून आहेत हे दुखणे आहे, म्हणून उद्योगधंदे वाढले पाहिजेत, असे त्यांनी त्यात दाखविले. दोन-चार एकर कोरडवाहू कापसावर सारे घर चालविणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९२३ च्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी सांगितले की, रुपयाची किंमत घसरून महागाई वाढते तेव्हा मजुरी त्या वेगाने वाढत नाही आणि मार मजुराला बसतो. १९३७ साली कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. त्यामागे हाच अभ्यास होता.

भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही, तर त्याचे कारण शोधावयास शिकविले. गरिबी नशिबाने येते असे मानणे आपण धम्म स्वीकारताना सोडले आहे. मग ती कशाने येते, हे शिकणारी मुले आपल्या घरात नकोत काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या शेजारच्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. तेथवरची वाट परळच्या त्या एका खोलीतून निघाली होती. ती वाट चालताना वडील, बहिणी, गुरुजी आणि प्राध्यापक असे अनेक हात त्यांच्या पाठीशी होते. तेव्हा बंधू-भगिनींनो, वेचणीला दोन मजूर जास्त लावा, पण परीक्षेच्या वर्षी मुलामुलींना कॉलेजातून काढू नका. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा. आणि आपल्यापैकी जे नोकरीला लागले आहेत, त्यांनी निदान एका मुलाची फी आणि पुस्तके आपल्या अंगावर घ्यावीत. सयाजीराव होणे आपल्याला जमणार नाही. केळूसकर गुरुजी होणे जमेल.

जय भीम!